अबू की उदयपूर?



परीक्षा संपत आल्या की आमच्या घरी दरवर्षी एक निवडणूक होते. सुट्टीत कुठे जायचे, हा तिचा एकमेव विषय. बहुतेक वर्षी ती बिनविरोध पार पडते, कारण उमेदवार एकच असतो, मुलांच्या मामाचे गाव. पण गेल्या वर्षी कार्यालयाची प्रवास सवलत शिल्लक होती. डिसेंबरपर्यंत घेतली नाही तर बुडणार होती. सरकारचा पैसा बुडू देणे आमच्या स्वभावात नाही, आणि मुलांच्या आईच्या स्वभावात तर मुळीच नाही. तेव्हा राजस्थानात जायचे ठरले. मुलांना पाणी हवे होते, होडी हवी होती. वाळवंटाच्या राज्यात पाणी शोधायला गेल्यावर दोन नावे पुढे आली. नक्की तलावाकाठचे माउंट अबू आणि पिचोल्याकाठचे उदयपूर.

मतदान झाले. मुलांची आई आणि धाकटा अबूच्या बाजूने. मे महिन्यात कल्याणच्या उकाड्यातून निघून आणखी उकाड्यात कशाला जायचे, हा तिचा मुद्दा. धाकट्याला घाटातली बस हवी होती. थोरली उदयपूरच्या बाजूने, कारण तिच्या इतिहासाच्या पुस्तकात महाराणा प्रताप होते. आम्हीही उदयपूरच्याच बाजूने, कारण आम्हाला घाटात मळमळते. दोन विरुद्ध दोन. आपल्या घरात प्रत्येकाच्या मताची किंमत सारखी, हे आम्हीच मुलांना शिकवलेले, त्यामुळे यजमान म्हणून दुप्पट मत मागता येईना. राहिले पाचवे मत, आमच्या आईचे.

आई म्हणाली, "मला काय इचारता? मी घर सांभाळते. तुमी जाऊन या."

हे उत्तर आमच्या वाचकांना नवे नसावे. प्रत्येक घरात एक म्हातारी असते आणि ती घर सांभाळते. आमची आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. नगरपालिकेत एकतीस वर्षे तिने झाडू मारला. प्रवास तिने केला नाही असे नाही. दीक्षाभूमीला ती चार वेळा गेली, चैत्यभूमीला दर ६ डिसेंबरला जाते, आणि एकदा महिला मंडळाच्या ट्रकमधून वेरूळची लेणी पाहून आली. पण हे सारे जाणे कशासाठी तरी होते. नुसते फिरायला, काहीही न करता पाण्याकाठी बसायला, तिला कोणी नेले नव्हते. आम्हीही नेले नव्हते. लग्नानंतर आम्ही दोघे महाबळेश्वरला गेलो होतो, तेव्हासुद्धा घर तिनेच सांभाळले.

दोन दिवसांनी तांदूळ निवडता निवडता तिने मान वर न करताच विचारले, "त्या तळ्यात पाय सोडून बसता येतं का?"

"कोणत्या तळ्यात?" आम्ही विचारले.

"कोणत्या बी. तुमी दोन म्हनत व्हता ना?"

आम्ही सांगितले, चौकशी करतो. आणि मग खरोखरच चौकशीला लागलो. मामेभाऊ रेल्वेत आहे, अहमदाबादला. त्याने दोन्ही गावे पाहिली आहेत. त्याला फोन केला, पुस्तके चाळली, आणि जे हाती आले ते इथे देत आहोत. पुढेमागे कोणाला हाच प्रश्न पडला तर उपयोगी पडेल.

आधी अबू. राजस्थानातले हे एकच थंड हवेचे ठिकाण. उंची सुमारे बाराशे मीटर. रेल्वे खाली अबू रोडपर्यंत जाते, तिथून २८ किलोमीटरचा घाट बसने किंवा जीपने चढायचा. मुंबईहून जाणारी आपली गाडी अबू रोडला किती वाजता पोचते हे आधी पाहावे. मध्यरात्री उतरलात तर सामान आणि म्हातारी माणसे घेऊन पहाटेपर्यंत फलाटावर बसावे लागेल. गावाच्या मध्यभागी नक्की तलाव. त्याच्या काठाने सपाट रस्ता आहे, पूर्ण फेरी मारता येते, होड्या आहेत. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थींचा काही भाग या तलावात विसर्जित केला, तिथे घाट आहे. अरवलीचे सर्वात उंच शिखर, गुरुशिखर, १७२२ मीटर, इथूनच जवळ. आणि देलवाड्याची जैन मंदिरे. त्यांतले सर्वात जुने १०३१ सालचे. संगमरवराचे इतके नाजूक काम दुसरीकडे पाहायला मिळणे कठीण. पण ही मंदिरे बाहेरच्या पाहुण्यांना दुपारी बारानंतर उघडतात, आत छायाचित्र काढू देत नाहीत आणि चामड्याची वस्तू नेऊ देत नाहीत. कमरेचा पट्टा बाहेर काढून ठेवावा लागतो. विजार सैल असेल त्याने आधीच विचार करावा.

मामेभावाने आणखी एक गोष्ट सांगितली. अबूला बाबागाडी नावाचा प्रकार आहे. चार चाकांची छोटी गाडी, माणूस ती ढकलत नेतो. तीत सामान ठेवतात, मुले बसवतात, चालता न येणारी मोठी माणसेही बसतात. "मावशीला गुडघ्यांचा त्रास आहे, तिला बरं पडेल," तो म्हणाला. आम्ही फोन ठेवून आईला हे सांगितले. तिने आमच्याकडे असे पाहिले की आम्ही विषय बदलला. माथेरानची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने २०२५ साली दिला, तेव्हा टीव्हीसमोर बसून सर्वात आधी टाळी वाजवणारी हीच बाई होती.

आता उदयपूर. १५५९ साली महाराणा उदयसिंहाने वसवलेले शहर. पिचोला तलाव मात्र शहराच्याही आधीचा. धान्याची ने-आण करणाऱ्या एका बंजाऱ्याने चौदाव्या शतकात तो बांधला, असे सांगतात. उदयसिंहाने पुढे बांध घालून तो वाढवला. म्हणजे राजाने शहर वसवले ते एका बैलवाल्याच्या तळ्याकाठी! तळ्यातल्या दोन बेटांवर दोन महाल. जगनिवास १७४६ साली पुरा झाला, त्यात आता मोठे हॉटेल आहे आणि त्याचे भाडे आपण विचारू नये. दुसरा जगमंदिर. बापाशी बिनसलेल्या शहजादा खुर्रमने, म्हणजे पुढच्या शाहजहानने, तिथे आसरा घेतला होता. शहरात दुसरा मोठा तलाव फतेहसागर, त्याच्या बांधावरून संध्याकाळी सपाट रस्त्याने फिरता येते. मुंबईहून थेट गाडी आहे, रात्री बसले की दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पोचते. अहमदाबादकडून येणारी जुनी मीटरगेज लाईन रुंद होऊन २०२२ साली त्या वाटेनेही गाड्या सुरू झाल्या.

दोष दोन्हीकडे आहेत. उदयपूर मे महिन्यात तापते, पारा चाळीसच्या वर जातो. आणि तळे पावसावर अवलंबून. २००० नंतरच्या दुष्काळी वर्षांत पिचोला इतका आटला होता की मुले त्याच्या तळात क्रिकेट खेळत. म्हणून उदयपूरला जायचे तर पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जावे, तेव्हा तळे भरलेले असते. उलट अबू उन्हाळ्यातच सुखाचे. बुद्धपौर्णिमेच्या सुमारास तिथे उन्हाळी महोत्सव असतो. पण बुद्धपौर्णिमेला विहार सोडून आम्ही अबूला गेलो असतो तर परत आल्यावर विहाराच्या पायऱ्या चढू दिल्या नसत्या. दिवाळीत गुजरातेतून इतकी गर्दी अबूला लोटते की खोलीचे भाडे तिप्पट मागितले तरी नवल वाटू नये. उदयपूरलाही त्या आठवड्यात गर्दी असते, पण शहर मोठे असल्याने ती पसरते.

आणि आईचा प्रश्न? मामेभाऊ म्हणाला, पिचोल्याला गणगौर घाट आहे, पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, लोक बसलेले असतात. नक्कीकाठी चालायला अधिक चांगले, पिचोल्याकाठी बसायला. म्हणजे आईच्या गुडघ्यांचे मत अबूला आणि पायांचे मत उदयपूरला. आम्ही दोन्ही बाजू तिच्यापुढे ठेवल्या. ती म्हणाली, "चालून चालून तर जलम गेला. बसायचं बघा." तीन विरुद्ध दोन. धाकटा दिवसभर बोलला नाही.

सहल दिवाळीनंतरच्या आठवड्यावर ढकलली आणि आम्ही राहण्याची जागा शोधू लागलो. कोणीतरी तळ्याजवळच्या एका धर्मशाळेचा फोन नंबर दिला. स्वस्त आणि स्वच्छ, असे कळले होते. पलीकडच्या गृहस्थाने किती माणसे, किती दिवस, सगळे विचारून घेतले. मग नाव विचारले. आम्ही सांगितले. मग आडनाव. तेही सांगितले. मग म्हणाला, "कौन समाज?" आम्ही विचारले, खोलीचा आणि समाजाचा संबंध काय? तो म्हणाला, "पूछना पड़ता है जी." अगदी गोड आवाजात. आम्ही फोन ठेवला.

जेवताना हे सांगावे की नाही याचा आम्ही बराच विचार केला. मुले आपल्या परीने मोठी झाली आहेत, पण असे प्रश्न त्यांच्या कानावर फारसे पडलेले नाहीत. शेवटी सांगितले. थोरलीला राग आला. मग आम्ही तिला १९३४ सालच्या सहलीची हकीकत सांगितली. बाबासाहेब स्वतः ती लिहून ठेवून गेले आहेत. सुमारे तीस सहकाऱ्यांबरोबर ते वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. तीही सहलच होती. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. धुळीने माखलेले हातपाय त्यांनी किल्ल्याच्या दाराजवळच्या टाक्यातल्या पाण्याने धुतले. तेवढ्यावरून पाणी बाटवल्याचा ओरडा झाला, जमाव जमला, शिवीगाळ झाली. किल्ला पाहायला मिळाला तो शेवटी हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन, आत कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून.

"मग त्यांनी पुढची लेणी पाहिली का?" धाकट्याने विचारले. दिवसभरातले त्याचे हे पहिले वाक्य.

त्या प्रश्नाच्या अनुषंगाने धाकट्याला आम्ही तो लेख वाचायला दिला. खोली मात्र एका साध्या लॉजमध्ये घेतली. तिथे सर्वांची आधार कार्डे पाहिली, वहीत सही घेतली आणि किल्ली दिली. पुढे काही विचारले नाही. वाचकांना आमची सूचना आहे, चार पैसे जास्त गेले तरी अशाच ठिकाणी उतरावे. खोली तळमजल्यावर मिळेल का आणि संडास पाश्चात्त्य पद्धतीचा आहे का, हे दोन प्रश्न म्हातारे माणूस बरोबर असल्यास आधीच विचारावेत. जुन्या शहरात जिने अरुंद आहेत. तळे दिसणारी खोली हवी असेल तर बहुधा ती गच्चीजवळ असते, आणि गच्चीपर्यंत गुडघे जात नाहीत.

बोरिवलीला गाडीत बसलो. आईने चार दिवसांच्या भाकऱ्या बांधून घेतल्या होत्या. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी रतलामच्या पुढे संपल्या, डब्यातल्या शेजाऱ्यांचा त्यात मोठा वाटा होता.

पहिल्याच संध्याकाळी गणगौर घाटावर गेलो. रिक्षा बरीच जवळ जाते. कमानीतून आत शिरले की समोर एकदम पाणी, पलीकडे महाल, आणि पायांत शेकडो कबुतरे. पायऱ्या उंच आहेत. आईला दोन्हीकडून धरून एकेक पायरी उतरवली. शेवटच्या कोरड्या पायरीवर ती बसली, चपला काढून बाजूला ठेवल्या, लुगडे थोडे वर धरले आणि थांबली.

"हे पाणी लोक पितात का?" तिने विचारले.

आम्ही म्हणालो, हो, शहराला या तळ्यांचे पाणी पुरवतात. आणि लगेच वाटले, हे सांगायला नको होते. तिने पाय आखडून घेतले. आमच्या गावच्या तळ्यावर तिच्या लहानपणी वरून पाणी वाढायचे, हे आम्ही शंभरदा ऐकले आहे. पण ते ऐकणे वेगळे आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिचे पाय पाण्यापासून वीतभर अंतरावर थांबलेले पाहणे वेगळे. पलीकडच्या पायऱ्यांवर दोन माणसे साबण लावून अंघोळ करीत होती. थोरलीने नुसते बोट करून ती दाखवली. आईने पाहिले, घटकाभर विचार केला, आणि पाय पाण्यात सोडले.

"गार हाय," ती म्हणाली. बस, एवढेच. अर्धा तास काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही राजवाडा पाहायला निघालो. तिकीट पाहून आईने नकार दिला. एवढ्या पैशांत आठवड्याचा बाजार येतो, म्हणाली. तिला घाटावर बसवून आम्ही चौघे आत गेलो. राजवाडा मोठा आहे, दोन-तीन तास सहज जातात. आरसे, मोर, हौदे, तलवारी. आमच्या लक्षात राहिले ते मेवाडचे राजचिन्ह. मध्ये सूर्य, एका बाजूला राजपूत आणि दुसऱ्या बाजूला धनुष्यवाला भिल्ल. भिल्लाला चिन्हात जागा मिळाली, राज्यात किती मिळाली हा प्रश्न थोरलीने विचारला आणि तिच्या पुस्तकातल्या हळदीघाटीच्या, १५७६ सालच्या, धड्याकडे आम्ही पुन्हा वळलो.

परत आलो तेव्हा आई घाटावर एकटी नव्हती. घाट झाडणारी एक बाई शेजारी बसली होती. आईला हिंदी येत नाही, त्या बाईला मराठी येत नव्हते. तरी दोघींचे तासभर बोलणे झाले होते. आम्हाला पाहताच आई म्हणाली, "हिची नोकरी कायम न्हाई. ठेकेदाराकडं हाय. हातमोजे देत न्हाईत." तिच्या काळी युनियनने हातमोजे कसे मिळवून घेतले हे तिने त्या बाईला हातवारे करून समजावले होते. आता उरलेले आम्ही हिंदीत सांगावे, असा तिचा हुकूम झाला. तो आम्ही पाळला. होडीची वेळ त्यात टळली. धाकटा पुन्हा रुसला.

होडी मिळाली ती संध्याकाळी. नावाड्याने तळ्यातला एक चौथरा दाखवला. त्याला नटणीचा चौथरा म्हणतात. तिची दंतकथा अशी. नट जमातीची एक बाई, दोरावर चालणारी. कोणा राण्याने पैज लावली, तळ्याच्या या काठावरून त्या काठावर दोरावरून चालून दाखव, अर्धे राज्य देतो. ती चालू लागली. बरेच अंतर तोडले. तेव्हा दरबारातल्या कोणीतरी दोर कापला. ती पाण्यात पडून मेली.

होडीत सगळे गप्प झाले. आई म्हणाली, "दोर कापला म्हंजी ती पोचत व्हती."

नावाड्याला हे मराठीत कळले नाही. थोरलीने त्याला हिंदीत सांगितले. तो थोडा थांबून म्हणाला, इतकी वर्षे ही गोष्ट सांगतोय, असे कोणी बोलले नव्हते.

गंमत म्हणजे, घरी आल्यावर वाचताना सापडले की नक्की तलावाची एक लोककथाही याच वळणाची आहे. रसिया बालम नावाच्या गरीब माणसाने राजकन्येसाठी एका रात्रीत नखांनी तो तलाव खोदला. उजाडण्यापूर्वी काम संपत आले, तेव्हा राणीने खोटाच कोंबडा आरवायला लावला. पहाट झाली समजून तो हरला. आईला ही गोष्ट वाचून दाखवली. तिने विचारले, "मग तळं कुनाच्या नावावर राहिलं?" तलावाला नक्की हे नाव नखांवरून पडले, असे सांगतात, हे आम्ही सांगितल्यावर तिला बरे वाटलेले दिसले.

खर्चाचे विचारणाऱ्यांसाठी सांगतो. पाच माणसे, चार रात्री. गाडीभाडे सवलतीत निघाले, बाकी खर्चात सर्वात मोठा आकडा राजवाड्याच्या तिकिटांचा आणि होडीचा. खाणे स्वस्त आहे, पण तिखट आणि तुपकट. पथ्य असणाऱ्यांनी खिचडी मागावी, मिळते. फतेहसागरच्या बांधावर संध्याकाळी मक्याची कणसे खात बसण्याला पैसे पडत नाहीत, फक्त कणसाचे पडतात. उदयपूरहून अबू रस्त्याने साधारण १६५ किलोमीटर आहे, बसने चारेक तास. सहा दिवसांची रजा असेल तर दोन्ही तळी एकाच खेपेत होऊ शकतात. आम्हाला ते आधी सुचले नाही, आणि सुचले तेव्हा परतीचे तिकीट काढून झाले होते. त्यामुळे धाकट्याची घाटातली बस अजून देणे आहे.

येत्या उन्हाळ्यात, बुद्धपौर्णिमा आटोपली की, अबूचा विचार चालू आहे. या वेळी मतदान झाले नाही, कारण आईने आधीच बॅग खाली काढून ठेवली आहे. घर सांभाळायला शेजारच्या आयुष्मती तयार आहेत. आमच्या वाचकांपैकी जे कोणी नक्कीला जाऊन आले असतील त्यांनी एक गोष्ट कृपया कळवावी. तळ्याच्या फेरीत बसायला बाके किती किती अंतरावर आहेत, आणि पाण्यात पाय सोडता येतील अशी सखल जागा कोणत्या बाजूला आहे?